चाचणी नावाची फाइल

एन्टर दाबण्याआधी विद्याक्का दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवते. मग पडद्यावर लिहिलेली आज्ञा मोठ्यानं वाचते. पडदा काळा, अक्षरं इंग्रजी, आणि तिच्या तोंडी तंजावरची मराठी. "जुन्या नोंदी अस्क्या दुसरीकडे न्यायच्या म्हणून लिहिलंय मी. न्यायच्या का? न्यायच्या." अस्क्या म्हणजे सगळ्या, तिच्या घरी तोच शब्द. एवढं झालं की एक बोट पुढं येतं आणि एन्टर दाबतं. नव्या माणसाला वाटतं, ही खोलीत आणखी कोणाशी तरी बोलतेय. आम्हाला आता तसं वाटत नाही.

पेरुंगुडीत, मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींच्या मागच्या गल्लीत आमचं श्राव्य ग्रंथालय आहे. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करायची, हे आमचं काम. तमिळ पुस्तकं पुष्कळ, तेलुगू थोडी, मराठी त्याहून थोडी. ती मी पाहते. यंत्रं विद्याक्का पाहते. तिचं पूर्ण नाव विद्यालक्ष्मी. पन्नाशीच्या अलीकडची, ठेंगणी, केसांत रोज मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्याचा तुकडा. तिच्या खोलीत दोन संगणक आहेत, त्यांना तिनं नावं दिली आहेत: थोरला आणि धाकटा. थोरल्यावर ध्वनिमुद्रण होतं, धाकट्यावर तयार पुस्तकं राहतात. त्या दोघांना उष्मा सोसत नाही म्हणून आख्ख्या ग्रंथालयातला एकुलता एक एसी तिच्या खोलीत आहे. मे महिन्यात सगळ्यांनाच संगणकाविषयी शंका येतात.

"शंका विचारायला आलास की वारा खायला?" कोणीही आलं तरी ती दाराकडे न बघताच विचारते.

ती पूर्वी सिरुसेरीच्या एका मोठ्या कंपनीत होती. दूरदूरच्या देशांतली यंत्रं जागी ठेवायची, अशी नोकरी. "चांगलं काम केलं तर कोणास काही कळत नाही, असं काम ते," ती सांगते. "वाईट केलं तर सातासमुद्रापार कळतं." आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं ती नोकरी सोडली. आई गेल्यावर परत बोलावणं आलं होतं, पण तोवर ती आमच्याकडे रुळली होती. आता वेळच्चेरीला बहिणीच्या घरी राहते. शहरातल्या लहानसहान संस्थांतून तिला फोन येत असतात: एक वृद्धाश्रम, दोन शाळा, एक कुत्र्यांचा दवाखाना. यांच्याकडेही तिच्या यंत्रांवर आहे तसंच, कोणीही घ्यावं आणि कोणीही दुरुस्त करावं असं मोकळं सॉफ्टवेअर चालतं, आणि अडलं की तिची आठवण होते. एकदा मी म्हटलं, फुकट मिळतं म्हणून बरं आहे. ती रागावली. "फुकट म्हणून नाही गा, मोकळं म्हणून. कोणी तरी कामावरून घरी येऊन, जेवून, मग बसून लिहिलंय हे. तुझं माझं नाव ठाऊक नसता."

फोनवरचा तिचा सल्ला ऐकला तर वाटावं, स्वयंपाक चाललाय. "रूट होऊन बसून राहू नये, कन्ना. मिरची चिरली की हात धुवायचे, मग डोळ्याला लावायचे. काम झालं, बाहेर ये." रूट म्हणजे यंत्रावरचे सगळे अधिकार हाती असणं; कन्ना म्हणजे बाळा. किंवा, "आधी एलएस, मग आरएम. काय काय जाणार त्याची यादी बघ, मग काढ. या कोपऱ्यात कोणी परत आणून देत नाही." काळ्या पडद्यावर फाइल काढली की ती गेली, 'नक्की का?' असं विचारायला तिथं कोणी येत नाही. म्हणून तो प्रश्न ती स्वतःच मोठ्यानं विचारते.

उमाकांतकाका आणि कुमुदिनीकाकू एका शुक्रवारी सकाळी आमच्याकडे आले. काका रेल्वेच्या डबे बनवायच्या कारखान्यात नोकरीला म्हणून तरुणपणी नागपूरहून इकडे आले आणि अयनावरमचेच झाले. काकूंची नजर काचबिंदूनं हळूहळू नेली. तेव्हापासून काका त्यांना रोज वाचून दाखवतात: सकाळी पेपर, दुपारी पुस्तक. काकू आमच्या सभासद आहेत, पण घरी नेलेली पुस्तकं बहुतेक अर्धीच ऐकून परत करतात.

"तुमचे वाचक चांगले आहेत हो," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण ते मला भांडू देत नाहीत. हे वाचतात तेव्हा मी मधेच म्हणू शकते, की हा माणूस मूर्ख आहे. मग हे म्हणतात, थांब, पुढच्या पानावर शहाणा होतो."

काकांच्या स्वरयंत्रावर गाठ होती. सोमवारी शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज राहील की नाही ते आत गेल्यावर कळेल. राहिला तरी हाच राहणार नाही. घरी एक जाड कादंबरी वाचायला घेतली होती, तिची शेवटची प्रकरणं उरली होती. ती काकांनी आमच्याकडे येऊन वाचावीत, म्हणजे पुढं कधीही ऐकता येतील, असं दोघांनी ठरवलं होतं. आवाज शिल्लक राहावा म्हणून काका आठवडाभर बोललेच नव्हते.

"लग्नानंतर पहिल्यांदाच सगळे वाद मी जिंकले," काकू म्हणाल्या. "पण मजा नाही आली."

काका हसले. नुसतेच हसले, तेही जपून.

आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. थोरल्याच्या पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून थोरला विद्याक्काच्या खोलीत, आणि त्याचा पडदा, कीबोर्ड आणि माउस लांब वायरीनं स्टुडिओत. विद्याक्का थोरल्याला आज्ञा देते ती धाकट्याच्या पडद्यावरून. तिथं कार्तिकेय बसतो. तो मराठी फारशी जाणत नाही, पण कुठला वाचक कुठं अडखळणार हे त्याला आधी कळतं. त्याची एक पद्धत आहे. कोणीही वाचायला बसलं की तो आधी 'चाचणी' नावाची फाइल सुरू करतो. वाचकानं दोन ओळी काहीही वाचायच्या, कार्तिकेय आवाज कमी-जास्त करतो, मग चाचणी बंद करून पुस्तकाच्या नावाची नवी फाइल उघडतो. या चाचण्या साठत जातात, आणि दर शुक्रवारी जेवणानंतर विद्याक्का त्या काढून टाकते. ही पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली.

"मामा, आधी काहीही वाचा," कार्तिकेय काकांना म्हणाला. इकडे त्यांच्या वयाच्या माणसाला मामाच म्हणतात.

"काहीही कशाला? हेच वाचतो," काका म्हणाले, आणि खुणेच्या पानापासून सुरू झाले.

आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज. खरखरीत होता, पण त्याला घाई नव्हती. पहिलं पान संपायच्या आत काकू म्हणाल्या, "अहो, हा परत आला का घरी? लाज नाही याला," आणि काका म्हणाले, "थांब गं, चपला तर काढू दे." आणि पुढं वाचू लागले. चाचणी बंद करायला कार्तिकेयचं बोट पुढं गेलं आणि तिथंच राहिलं. "गाडी धावायला लागली होती," तो नंतर म्हणाला. "मी साखळी कशी ओढू?" फाइलीचं नाव नंतर बदलू, असं त्यानं ठरवलं. दारावरचा लाल दिवा लावला होताच. तो स्वस्थ बसला.

दुपारी जेवणानंतर मी विद्याक्काच्या खोलीत होते. एका पुस्तकाच्या प्रकरणांचा क्रम उलटा लागला होता, ते विचारायला, थोडी वाऱ्यासाठीही. ती शुक्रवारच्या साफसफाईला बसली होती. आधी एलएस. चाचण्यांची यादी आली, शेवटी आजचीही होती. स्टुडिओत वाचन सकाळपासून चालू आहे हे तिला माहीत होतं, म्हणजे आजची चाचणी केव्हाच संपली असणार. तिनं आज्ञा लिहिली. हात मांडीवर घेतले.

"चाचण्या अस्क्या काढायच्या म्हणून लिहिलंय. काढायच्या का? काढायच्या."

एन्टर.

मग तिनं सवयीनं डीएफ लिहून विचारलं, की आता जागा किती रिकामी झाली. आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं अक्का?"

"भांडी घासून ठेवलीं, पण ओटा रिकामा दिसत नाही." ती पुढं झुकली. "यादीत नाहीत, पण जागा सोडली नाही. म्हणजे कोणी तरी धरून बसलंय."

"फाइल पुसली तरी धरता येते?"

"फाइलीचं नाव म्हणजे दारावरची पाटी, कन्ना. आरएम पाटी काढतं. आत माणूस बसलाय तोवर घर पाडत नाहीत. तो उठून बाहेर पडला की मग पाडतात." बोलता बोलता तिनं आणखी एक आज्ञा लिहिली होती, काढलेल्या फाइली कोण कोण धरून बसलंय ते सांगणारी. एकच ओळ आली. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम, फाइल: चाचणी, आजची, आणि पुढं कंसात, पुसलेली.

"विसरला वाटतं बंद करायला," ती म्हणाली. "जाऊन सांग त्याला, बंद कर म्हणून."

मी उठले. तेवढ्यात ती म्हणाली, "इरु." थांब. तिनं तीच आज्ञा पुन्हा दिली. फाइलीचा आकडा मघापेक्षा मोठा होता. पुन्हा दिली. आणखी मोठा.

चाचणी एवढी मोठी नसते. आणि ती वाढत नसते.

विद्याक्कानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. ती हळू आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "मामांचं पुस्तक त्यांत आहे. अस्कं त्यांत आहे."

पुसलेलं पुस्तक अजून होतं, पण प्रोग्रामनं धरलं होतं तोवरच. काकांचं शेवटचं वाक्य संपणार, कार्तिकेय नेहमीप्रमाणं 'थांबवा' दाबणार, आणि प्रोग्राम हात सोडणार. मग ते परत वाचायला काकांपाशी आवाज उरला नसता.

मला वाटलं ती लगेच काही तरी लिहील. तिनं लिहिलं नाही. "हात असे असतां आज्ञा लिहूं नये," ती म्हणाली आणि बोटं पसरून मला दाखवली. ती थरथरत होती. तिनं चपला काढल्या, बोळातून गेली आणि लाल दिवा लागलेला असताना स्टुडिओचं दार उघडलं. आमच्याकडे हे कोणी करत नाही. मी दाराच्या फटीतून बघत राहिले.

कार्तिकेयनं डोळे मोठे केले. ती बोलू शकत नव्हती. माइक चालू होता. तिनं त्याच्या समोर येऊन हातानं 'नको नको' केलं. त्याला वाटलं काका नकोत. त्यानं गोंधळून काकांकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली, मग 'थांबवा'कडे बोट दाखवून पुन्हा हात हलवला. तो 'थांबवा' दाबायला पुढं झाला. तिनं कपाळाला हात लावला. मग फार शांतपणे वाकून तिनं कीबोर्डची वायर उपटली, माउसची उपटली, कीबोर्ड काखेत मारला, माउस पदरात घेतला, आणि बाहेर निघाली. निघताना तिचा गुडघा वाजला.

"कोण आलं?" काकूंनी विचारलं.

"कोणी नाही," काका म्हणाले. "तू इकडे लक्ष दे. आता तो पत्र फाडणार आहे."

खोलीत परत आल्यावर विद्याक्का घोटभर पाणी प्यायली. मग बसली. प्रोग्रामनं फाइल जिथून धरली होती त्या मुठीपर्यंत जाणारी एक वाट थोरल्यावर होती; नाव नसलं तरी त्या वाटेनं आत शिरता येत होतं. तिनं आज्ञा लिहिली. पहिल्या अक्षरापासून वाच, शेवटाला पोचलास तरी थांबू नको, पुढं येईल ते येईल तसं घेत राहा, आणि सगळं धाकट्याकडे ओत. मला तिनं असंच समजावलं. मग हात मांडीवर घेतले आणि आज्ञा वाचू लागली, पण अर्ध्यातच थांबली.

"तू वाच," ती म्हणाली. "मी आज माझं ऐकूं नये. मघाशी ऐकलं तर काय झालं."

मला त्या खुणांतलं सगळं कळत नव्हतं. मी एकेक अक्षर वाचलं, आडव्या रेघा, ठिपके, आकडे. प्रत्येकावर ती मान हलवत होती. एका आकड्यावर तिनं मान हलवली नाही. तो तिनं दुरुस्त केला, आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

एन्टर.

धाकट्यावर फाइल उगवली आणि झपाट्यानं वाढू लागली. विद्याक्का दोन्ही आकडे शेजारी लावून बघत होती. धाकट्याचा आकडा थोरल्याच्या जवळ येत गेला, मग दोघं बरोबर चालू लागले. काकांनी वाचलेला प्रत्येक शब्द आता दोन्हीकडे पडत होता. ती मागं टेकली, पण डोळे पडद्यावरून काढले नाहीत.

बऱ्याच वेळानं कार्तिकेय आला. "मुडिंजदु. संपलं," तो म्हणाला. "अक्का, माझा कीबोर्ड द्या आता. काय गुन्हा केला मी?"

"तू काय केलंस? मी केलं," ती म्हणाली. तिनं धाकट्यावरची फाइल शेवटाकडून उघडून लावली. काकांचा आवाज आला, इतका बसलेला की शब्द हवेसारखे निघत होते, मग पुस्तक मिटल्याचा आवाज, मग काकू: "शेवटी शहाणा झाला म्हणायचा." आणि मग बराच वेळ काहीच नाही, नुसती खोली. ते काहीच-नाहीसुद्धा विद्याक्कानं संपेपर्यंत ऐकलं. मग थोरल्यावरचा प्रोग्राम स्वतःच्या हातानं थांबवला. डीएफ. ओटा रिकामा झाला होता.

तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. पण कॉफी आली तेव्हा ती पेला न उचलता काकूंसमोर जाऊन बसली. "मामी, तुमचं पुस्तक मी पुसलं होतं."

काकूंचा हात बशीवर थांबला.

तिनं सगळं सांगितलं. पाटी, घर, आत बसलेला माणूस. काका ऐकत होते. त्यांनी गळ्याला हात लावला, बोटानं हवेत गोल काढला: परत वाचू का?

"नको नको, मामा. मिळालं. अस्कं मिळालं."

"म्हणजे मघाशी तुम्ही आला होतात," काकू म्हणाल्या. "मी ह्यांना म्हणत होते कोणी तरी आलं. गुडघ्याला तेल लावत जा." आणि बशी बाजूला ठेवत, "आता तुमच्या त्या साफसफाईवर आम्ही विश्वास ठेवायचा की नाही?"

"नका ठेवूं. मी ठेवला म्हणून तर हे झालं."

काकू हसल्या, आणि काकांच्या गुडघ्यावर हात टेकला. काका आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते. कार्तिकेयनं मधलं काय काय कापायचं ते विचारलं: काकूंचं बोलणं, 'कोण आलं', तो गुडघा.

"काही कापू नका," काकू म्हणाल्या. "मी काय गप्प बसून ऐकलं असतं, असं कोणाला वाटेल तरी का?"

सोमवारपासून आमच्याकडे चाचण्या लगेच पुसल्या जात नाहीत. विद्याक्कानं एक वेगळी जागा केली; तिथं त्या पडून राहतात, आणि कार्तिकेयनं होय म्हटल्याखेरीज निघत नाहीत. पण ती सोमवारची गोष्ट. त्याआधी, रविवारी सकाळी, ती अयनावरमला त्यांच्या घरी गेली. मी बरोबर होते. काकूंकडे बटणांचं एक लहान यंत्र आहे, त्यात घालायच्या कार्डावर तिनं पुस्तक भरून नेलं होतं.

दार काकांनी उघडलं. खाटेवर इस्पितळाची पिशवी अर्धी भरलेली. शनिवारभर गप्प राहून त्यांना थोडा आवाज परत आला होता. "या," ते म्हणाले, आणि काकू लगेच म्हणाल्या, "झाला एक शब्द. उगाच खर्च करू नका."

विद्याक्कानं कार्ड यंत्रात घातलं. "मामी, एकदा लावून बघतों. उघडून ऐकल्याशिवाय ती प्रत नव्हे. नुसती समजूत."

"आत्ता नको," काकू म्हणाल्या.

"अगदी थोडं. सुरुवात आणि शेवट."

"नको म्हटलं ना." आवाज चढला होता. मग त्यांनी तो खाली आणला. "ते त्या कपाटात ठेवा. हे अजून आहेत की इथं बोलायला. आज पेपर वाचणार आहेत. जास्त नाही, पहिलं पान."

विद्याक्का यंत्र हातात धरून उभी राहिली. न तपासता ते कपाटात ठेवणं तिला जमत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "मी बाहेर बसून ऐकतों. तुम्हांस ऐकू येणार नाही."

"जिन्यात बसा. दार लोटून घ्या," काकू म्हणाल्या.

आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. तिनं कानात इअरफोन घातला, दुसरा माझ्याकडे दिला. यंत्रात काका वाचत होते, चपला काढू दे म्हणत होते. तिनं पुढं नेलं, मधलं एक ठिकाण ऐकलं, मग आणखी पुढं, शेवटाशी. एवढ्यात लोटलेल्या दाराआडून काकांचा आजचा आवाज आला. मुंबईचा पेपर, एक दिवस शिळा. निवडणुकीच्या पहिल्या बातमीचा मथळा त्यांनी वाचला आणि काकू म्हणाल्या, "काहीतरीच!"

विद्याक्कानं कानातला इअरफोन काढला. "चालतंय," ती म्हणाली. पण उठली नाही. यंत्र बंद करून तिनं मांडीवर ठेवलं. आत पान उलटल्याचा आवाज झाला, मग खोकला, मग काकूंचा आवाज: "आधी पाणी घ्या. मग सांगा, कोण निवडून आलं."